जंत पाठवला, रिपोर्टात साप आला (डीएनए सिक्वेन्सिंग सर्व्हिस, ३ स्टार)

पाचपैकी तीन स्टार देतेय, ते पण शांत डोक्याने. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर एकच दिला असता आणि तोही लॅबला नाही, पिकअपला आलेल्या पोराला. लॅबचं नाव लिहिणार नाही, कारण एक तर अजून त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय आणि दुसरं म्हणजे दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना विचारलं तर त्यांचे अनुभव वेगवेगळ्या लॅबांचे असूनही कहाणी हीच. तेव्हा हा रिव्ह्यू एका लॅबचा कमी आणि "आम्ही तुमच्या नमुन्याची जात ओळखून देतो" या सर्व्हिसचा जास्त समजा.

आधी माझी पार्श्वभूमी. कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते, सीएचबीवर. ज्यांना माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको, ज्यांना नाही त्यांनी एवढंच समजा की जितके तास तितके पैसे, आणि पीएचडीचा खर्च त्यातूनच निघतो, निघाला तर. विषय सापांच्या पोटातले आणि फुफ्फुसातले जंत. हो, साप नाही, सापातले जंत. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी "सापांवर काम करते" एवढंच सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोक ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला जातात.

तर झालं असं की गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या सर्पमित्र दादांचा सकाळी सहाला फोन, "मॅडम, विरोळा घावलाय, गाडीखाली आलाय पण मधला भाग शाबूत हाय." विरोळा म्हणजे पाणदिवड, तोच तो भाताच्या वाफ्यात आणि विहिरीत दिसणारा चौकटी-चौकटीचा बिनविषारी साप, जो चिडला की असा चावतो की विषारी असता तर बरं झालं असतं वाटावं. पावसाळ्यात बेडकांच्या मागे रस्त्यावर येतो आणि चिरडतो. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, मेलेला साप असला तरी उचलून घरी आणायचा नसतो, वन्यजीव कायदा १९७२ मेलेल्यालाही लागतो. आमच्याकडे वनखात्याचं परवानगीपत्र आहे म्हणून आम्ही हे करतो, रील बघून कुणी सुरीबिरी घेऊन बसू नका.

साप उघडला. सापाचं फुफ्फुस बघितलं नसेल तर सांगते, उजवं एकच कामाचं असतं आणि ते लांबच लांब असतं, डावं असून नसल्यासारखं. त्या उजव्यात नऊ जंत. शेवयांचे बारीक तुकडे पडल्यासारखे, पांढरट, आणि प्रत्येकाच्या मधून एक काळपट रेघ. ती रेघ म्हणजे जंताचं आतडं, त्यात सापाचंच रक्त. ही रेघ लक्षात ठेवा, पुढे हिनेच माझे पैसे बुडवले.

फुफ्फुसातल्या या जंतांना आधी सगळेच रॅब्डियास म्हणायचे, बेडकातले असोत की सापातले. २०१४ साली तकाच, कुझमिन आणि स्नायडर या तिघांनी डीएनए तपासून सापातल्यांचं वेगळं घर बांधून दिलं, सर्पेंटिरॅब्डियास. नाव ऐकायला भारी पण काम करायला महाकठीण मंडळी. कारण काय तर सापाच्या फुफ्फुसात नर सापडतच नाही. जे सापडतं ते सगळं दिसायला मादी, स्वतःचं स्वतः भागवणारं. बाकीच्या जंतांमध्ये जात ओळखायला नराची शेपटी बघायची, तिथल्या काट्यांची लांबी मोजायची, अर्धं काम तिथेच होतं. उदाहरणार्थ सापाच्या आतड्यातला कॅलिसेफॅलस घ्या, त्याला तोंडाला चक्क दोन बाजूंना दोन जबडे, नराला शेपटीशी छत्रीसारखा पडदा, बघायला इतकं काही असतं की चित्र काढता काढता दुपार जाते. त्याच्यातही घोळ आहेतच, शॅड नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये अख्खा वंश (म्हणजे जवळच्या जातींचा गट) पुन्हा तपासला तेव्हा नवीन म्हणून मिरवलेली बरीच नावं जुन्यांचीच निघाली. पण निदान बघायला काहीतरी असतं. माझ्या फुफ्फुसवाल्याला काय, तोंडाभोवतीचे ओठ, तोंडाची वाटी, अन्ननलिकेची लांबी, शेपूट, आणि साधारण मध्यावर कुठेतरी असलेलं जननछिद्र. संपलं. भारतातल्या जंतांची आमची बायबलं म्हणजे बेलिसचे फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाचे दोन खंड, १९३६ आणि १९३९ चे, अजूनही टेबलावर तेच असतात. पण पहिला ॲस्कॅरॉइडिया आणि स्ट्रॉन्जिलॉइडियाचा, दुसरा फायलॅरिया वगैरेंचा, म्हणजे माझ्या जंताचं घराणं त्या आमंत्रणपत्रिकेत नाहीच.

मोजमापं घेतली, लॅक्टोफिनॉलमध्ये पारदर्शक करून कॅमेरा ल्युसिडावर (सूक्ष्मदर्शकात दिसतं ते कागदावर गिरवायचं साधन) चित्रं काढली, छापलेल्या वर्णनांशी लावून बघितलं तर एकाही नावात नीट बसेना. छातीत धडधड. नवीन जात! मी सरांना (गाइड) फोन केला तर सर म्हणाले, "बसत नाही म्हणजे नवीन असं नाही, बसत नाही म्हणजे अजून नीट बघितलं नाही असंही असतं. डीएनए कर." झालं, इथून रिव्ह्यू सुरू.

आमच्या कॉलेजात पीसीआर मशीन (डीएनएच्या कॉपी काढणारं) आहे, म्हणजे कव्हर घातलेलं आहे. त्यामुळे बाहेरून करून घेणं आलं. चार-पाच लॅबांना मेल केले, दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने विचारलं किती हजार नमुने आहेत. या लॅबने मात्र अर्ध्या तासात फोन केला, अगदी गोड आवाजात, "मॅम, आमचं पॅकेजच आहे ना, एक्स्ट्रॅक्शन, पीसीआर, दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंग, ब्लास्ट रिपोर्ट आणि स्पीशीज आयडेंटिफिकेशन सर्टिफिकेट." (सँगर म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणं, ब्लास्ट म्हणजे ती अक्षरं जगभरातून जमा झालेल्या डीएनएच्या पेढीतल्या अक्षरांशी ताडून बघणं.) नमुन्यामागे २,२०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, दहा वर्किंग डेज. दोन जंत पाठवायचे ठरवले, ५,१९२ रुपये, आगाऊ. मी विचारलं नवीन जात असेल तर? तर म्हणे "नॉव्हेल असेल तर सर्टिफिकेटवर नॉव्हेल येईल मॅम." तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं पण मी आनंदात होते.

इथे पहिला उपयोगी मुद्दा, पैसे भरायच्या आधी विचारा की सिक्वेन्सिंग भारतातच करता का. काही लॅब मधल्यामध्ये नमुना बाहेर पाठवतात आणि देशाबाहेर जैविक नमुना पाठवायचा म्हटलं की जैवविविधता कायद्याखाली परवानग्यांचं वेगळंच प्रकरण सुरू होतं. यांनी लेखी दिलं की सगळं इथेच होतं. त्याबद्दल खरंच चांगले मार्क.

मग नमुना कापणे. हे कुणी शिकवत नाही म्हणून सविस्तर लिहिते. अख्खा जंत लॅबला पाठवला तर तो गेला, त्याचा चटणीसारखा लगदा होतो. मग उद्या कुणी म्हणालं की हा डीएनए नेमका कुठल्या जंताचा, तर दाखवायला काही नाही. म्हणून डोकं आणि शेपूट आपल्याकडे ठेवायचं आणि मधला तुकडा पाठवायचा, त्या उरलेल्या भागाला होलोजिनोफोर असं भारदस्त नाव आहे. पण माझ्या जंताचं जननछिद्रही मध्यावरच, म्हणजे आधी पूर्ण मोजायचं, चित्र काढायचं, फोटो घ्यायचा आणि मगच ब्लेड लावायचं. आणि फॉर्मलिनमध्ये ठेवलेला जंत पाठवायचा नाही म्हणजे नाही, फॉर्मलिनने डीएनएचे तुकडे पडतात आणि तो प्रोटीनला चिकटून बसतो. मी अर्धे जंत गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले होते (गरम असलं की ते सरळ होऊन मरतात, थंडात टाकले तर जिलबी होते, मग मोजा बसून) आणि अर्धे सरळ ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी.

आता ॲब्सोल्यूट अल्कोहोलचं पुराण. कॉलेजला ते मिळतं उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर, स्टॉक रजिस्टरमध्ये मिलीलिटरचा हिशेब, आणि आमच्या लॅबमधले मामा ते रजिस्टर घरच्या तिजोरीसारखं सांभाळतात. "मॅडम, जंताला पाजायला पन्नास मिली?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही. आणि कुरिअरवाले अल्कोहोल म्हटलं की पार्सल घेतच नाहीत, ज्वालाग्राही पदार्थ, विमानात चालत नाही. तीन कुरिअरवाल्यांनी परत पाठवलं. शेवटी लॅबनेच पिकअप पाठवला, दोन मिलीच्या ट्यूबा, पॅराफिल्म, थर्माकोल डबा, नियमात बसेल एवढंच द्रव. हा पिकअपला आलेला पोरगा म्हणजे खरा फाईव्ह स्टार. वेळेवर आला, ट्यूबवरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर स्वतः ताडून बघितला, एक चुकला होता तो दाखवला (माझीच चूक), आणि जाताना हळूच विचारलं, "मॅडम हे माणसाला होतं का ओ?"

हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणून उत्तर इथेच देते. या फुफ्फुसवाल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. पण सापाचा जंत माणसात गेलाच नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला २०२२ मध्ये एका ६४ वर्षांच्या बाईंच्या मेंदूचं ऑपरेशन करताना सर्जनने चिमट्याने ८ सेंटीमीटरचा जंत ओढून काढला, वळवळत होता. आधी पोटदुखी, खोकला, मग विसरभोळेपणा आणि नैराश्य, असं वर्षभराहून जास्त चाललं होतं. तो निघाला ऑफिडॅस्कॅरिस रॉबर्ट्साय, तिकडच्या कार्पेट पायथन नावाच्या अजगराचा जंत. बाई तळ्याकाठची रानभाजी आणायच्या, तिच्यावरच अजगराच्या विष्ठेतली अंडी असणार असा डॉक्टरांचा अंदाज. २०२३ मध्ये ही केस छापून आली, माणसातली जगातली पहिली. आता यात माझ्या कामाचा भाग असा की त्यांनी ओळखला कसा? आधी जंतांच्या जाणकाराने बघून, लाल रंग, तीन ओठ, जननेंद्रियं पूर्ण न वाढलेली म्हणजे अळी अवस्था, आणि मग डीएनएने पक्कं केलं. आधी डोळे, मग मशीन. माझ्या लॅबने हे उलटं केलं, नाही, उलटं पण नाही, डोळे वगळूनच टाकले.

दहा वर्किंग डेजचे एकतीस दिवस झाले. फोन केला की "मॅम, रन लागलाय", परत केला की "मॅम, क्यूसीमध्ये आहे". व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आणि उत्तर नाही. गणपती आले, गेले. मग एका रात्री साडेअकराला मेल, विषय: कॉंग्रॅच्युलेशन्स. पीडीएफ उघडली. रंगीत लोगो, क्यूआर कोड, होलोग्रामसारखं काहीतरी, आणि मध्ये ठळक अक्षरात, आपल्या नमुन्याची ओळख: पाणदिवड. जुळणी ९९ टक्के. दोन्ही नमुने.

मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. मग हसले. मग रडायचं बाकी होतं. म्हणजे मी जंत पाठवला आणि यांनी मला सांगितलं की अभिनंदन, हा साप आहे. फॉर्मवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, नमुना: सापाच्या फुफ्फुसातील जंत, यजमान: पाणदिवड. ज्याने रिपोर्ट बनवला त्याने फॉर्म वाचलाच नाही, किंवा वाचला आणि "अरे वा, पाणदिवड लिहिलंय, पाणदिवड आलंय, टॅली!" असं झालं असेल.

काय झालं असेल ते कळायला मला रात्रभर लागलं, तुम्हाला दोन ओळीत सांगते. ती काळी रेघ आठवते? जंताच्या आतड्यात सापाचं रक्त. पक्षी, सरडे, साप यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आपल्यासारख्या बिनकेंद्रकाच्या नसतात, म्हणजे थेंबभर रक्त म्हणजे डीएनएचं पोतं. आणि लॅबने वापरले कुठले प्रायमर (डीएनएच्या कुठल्या भागाची कॉपी काढायची ते ठरवणारे छोटे तुकडे), तर १९९४ पासून जे सगळे डोळे झाकून वापरतात ते, फोल्मर नावाने ओळखले जाणारे "युनिव्हर्सल" प्रायमर, सीओ१ या जाती ओळखायला नेहमी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचे. ते बनवले बिनकण्याच्या प्राण्यांसाठी पण कण्याच्या प्राण्यांवरही बऱ्याचदा मजेत चालतात, आणि नेमके जंतांवर बऱ्याचदा रुसतात. म्हणजे ट्यूबमध्ये साप थोडा आणि जंत जास्त असला तरी कॉपी झाली सापाची. चूक जंताची नाही, मशीनची पण नाही, मशीनने जे दिलं ते अचूक वाचलं. चूक विचार न करता नेहमीचं बटण दाबण्याची.

दुसऱ्या दिवशी फोन. गोड आवाजवाली म्हणाली "मॅम, सिक्वेन्स पास आहे, क्वालिटी चांगली आहे, त्यामुळे रिपीट चार्जेबल." मी म्हटलं ताई, पोळी उत्तम भाजलीये हो, पण मी भाकरी मागितली होती. तिला काही ते पटलं नाही. तीन दिवस असंच. हे तीन दिवस म्हणजे वजा एक स्टार.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि फोन टेक्निकल टीमच्या एका मॅडमकडे दिला. आणि इथून अनुभव बदलला, खरंच. त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं, "तुम्ही कुठला तुकडा पाठवलात, आतड्यासकट?" मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू. कुणीतरी जंताबद्दल बोलत होतं! त्यांनी सांगितलं, उरलेला तुकडा असेल तर तो आधी धुवा, शक्य असेल तर आतडं बाजूला करून गर्भाशयाचा भाग द्या, त्यात अंडी असतात आणि अंडी म्हणजे निव्वळ जंत. आणि सीओ१ सोडून आधी २८एस आणि आयटीएस हे डीएनएचे दुसरे भाग करू, जंतांसाठी जे प्रायमर वापरतात ते मागवू. १८एस बद्दल मी विचारलं तर म्हणाल्या तो फारच हळू बदलतो, वंश सांगेल, जात सांगणार नाही. प्रायमरचे पैसे अक्षरागणिक लागतात, ते मी भरले, रिपीटचे त्यांनी माफ केले. मी बारीक सुईने, लेन्सखाली, श्वास रोखून एका जंताचं आतडं सोडवलं. दोन तास गेले आणि मान अजून दुखते. तीन दिवसांनी तोच पिकअपवाला पोरगा. "मॅडम, तो साप निघाला म्हणे?" बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

या वेळी नऊ दिवसांत आलं. आणि काय सुंदर आलं. सँगरची पद्धत १९७७ ची, आता नवी मशीनं काय काय करतात, पण एका जंताच्या एका जनुकासाठी हीच म्हातारी पद्धत बेस्ट, सातशे-आठशे अक्षरं स्वच्छ वाचून देते. क्रोमॅटोग्राम (मशीनने वाचलेल्या अक्षरांचा आलेख) बघितला, चार रंगांची टेकाडं ओळीने, एकावर एक चढलेली नाहीत, सुरुवातीची तीसेक अक्षरं नेहमीप्रमाणे गिचमिड, पुढे आरशासारखं. दोन्ही बाजूंनी वाचलेलं एकमेकांशी जुळत होतं. मशीनमधून निघालेल्या कच्च्या एबी१ फाईली न मागता पाठवल्या, हे फार महत्त्वाचं आहे, नुसती पीडीएफ देणाऱ्या लॅबकडे जाऊ नका, पीडीएफमधली अक्षरं कुणीही टाइप करेल. एक्स्ट्रॅक्शन केलेला उरलेला डीएनएही परत दिला. या सगळ्याचे पूर्ण मार्क.

मग ब्लास्ट मी स्वतः केला. साप नाही! सर्पेंटिरॅब्डियासच्याच घरात बसला, शेजारी दुसऱ्या देशांतल्या सापांमधले जंत. पण कुणाशीच तंतोतंत नाही. आता इथे थांबा, कारण नेमकं इथेच लॅबच्या नव्या रिपोर्टने परत घोळ घातला. त्यांनी लिहिलं, जुळणी कमी, सबब नॉव्हेल स्पीशीज. आणि सर्टिफिकेट जोडलं.

असं नसतं हो. ब्लास्ट हा जवळचा नातेवाईक सांगतो, तुमची ओळख नाही सांगत. त्या पेढीत ज्याचं खातंच नाही त्याची स्लिप कशी निघणार. आपल्याकडच्या सापांतल्या या जंतांची अक्षरं तिथे इतकी तुरळक आहेत की ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी कुणी वर्णन करून ठेवलेली जात असली तरी ती "कुणाशीच जुळत नाही" अशीच दिसेल, कारण त्या काळच्या माणसाने डीएनए नाही केला, चित्र काढलं. म्हणजे मला आता त्या सगळ्या जुन्या वर्णनांशी, शक्य असेल तिथे म्युझियममधल्या मूळ नमुन्यांशी, माझे ओठ आणि शेपट्या लावून बघायच्यात. दुसरं, एका सापातले नऊ जंत म्हणजे एक घर, त्यावरून गावाचं काय सांगणार. अजून दोन-चार विरोळ्यांतले बघायला हवेत. लांबी-रुंदी तर सापाच्या आकाराने आणि जंताच्या वयानेही बदलते.

आणि समजा सगळं जुळलं, खरोखर नवी निघाली, तरी लॅबचं सर्टिफिकेट म्हणजे लग्नपत्रिका छापणाऱ्याने लग्न लागल्याचा दाखला देण्यासारखं. प्राण्यांच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. त्यात वर्णन छापायला लागतं, दुसऱ्या जातींपासून वेगळी कशी ते लिहावं लागतं, एक नमुना होलोटाइप (त्या नावाचा मूळ, आधाराचा नमुना) म्हणून ठरवून तो कुठे ठेवला ते सांगावं लागतं, आणि फक्त ऑनलाइन छापणाऱ्या जर्नलात असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद. आपल्याकडे त्यावर जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३९ आहे, नवीन जात सापडली तर सरकारने नेमलेल्या संग्रहालयाला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. आमच्यासाठी म्हणजे झूलॉजिकल सर्वे, त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीला आहे. या सगळ्यात कुठेही होलोग्राम नाही.

मी हे त्या टेक्निकल मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या "मला माहितीये हो, पण सर्टिफिकेट मार्केटिंगवाल्यांचं आहे, कॉलेजांना लागतं म्हणून." आता यावर काय बोलणार.

तर कुणी घ्यावी ही सर्व्हिस? तुम्हाला तुमचा जंत आधीच ओळखीचा असेल, निदान वंशापर्यंत, प्रायमर कुठला हवा ते माहीत असेल, आणि तुम्हाला फक्त अक्षरं हवी असतील तर जरूर घ्या, अक्षरं उत्तम मिळतात आणि दर पण बरा आहे. साप पाळणाऱ्या परदेशातल्या लोकांसारखं "माझ्या सापाला काय झालंय सांगा" म्हणून कुणी पाठवणार असेल तर नका घेऊ, त्यापेक्षा विष्ठेची स्लाइड बघणारा व्हेट गाठा. एमएस्सीच्या मुलांना प्रोजेक्टसाठी सांगेन की एकच नमुना पाठवू नका, दोन पाठवा, आणि जमलं तर यजमान सापाचा पण छोटा तुकडा आपल्याजवळ अल्कोहोलमध्ये ठेवा, म्हणजे उद्या रिपोर्टात साप आला तर निदान तो आपलाच साप आहे का ते कळेल. फॉर्मवर प्रायमरच्या रकान्यात "स्टँडर्ड" लिहू नका, मी तेच लिहिलं होतं, खरं सांगायचं तर. आणि गोड आवाजाशी वाद न घालता पहिल्या दिवशीच म्हणा, टेक्निकलला द्या.

एकूण खर्च प्रायमर धरून सात हजाराच्या आत बसला, मान दुखली ती वेगळी. जंताला नाव अजून नाही, वहीत तो "विरोळा फुफ्फुस क्र. ४" आहे आणि सध्या तेवढंच खरं आहे. सर्पमित्र दादांना विचारून ठेवलंय, त्यांनी दोन फोन केलेही पण एक धामण निघाली आणि दुसरा विरोळा जिवंत होता, तो आम्ही आनंदाने ओढ्यात सोडला.

आणि ते पहिलं सर्टिफिकेट, जंत पाणदिवड असल्याचं? ते मी फाडणार होते. पण आमच्या एचओडी सरांच्या हाती पडलं, त्यांनी लोगो बघितला, क्यूआर कोड बघितला, "छान, छान" म्हणाले आणि नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या) फाईलला लावलं.